नदीकाठची रेताड मळी : ऊस लावायचा की भुईमूग-कलिंगड?

येरळाकाठ (धागाकर्ता)

टेंभू-ताकारी उपसा योजनांचं पाणी आल्यापासून येरळा नदीच्या दोन्ही काठांवर जिकडे बघावं तिकडे ऊस. काळ्या रानात लावला तर माझं काही म्हणणं नाही. पण पात्रातून वर चढल्यावर जो पहिला सपाट टप्पा लागतो ना, तिथल्या रेताड मळीतही आता सऱ्या पडायला लागल्या आहेत. ही जमीन उसाची नाही, असं माझं सरळ मत आहे.

हा टप्पा नदीनेच घातलेला. आधी पुराने वाळू आणि गाळ आणून टाकला, मग पात्र खोल कापत गेलं आणि जुना काठ वर राहिला. त्यामुळे वरची माती भुसभुशीत, नांगराला हलकी, पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी वाफसा, म्हणजे रान कामाला तयार. आणि पाणी? ते थांबतच नाही.

थोडा हिशेब मांडतो. एक मीटर खोलीत पिकाला उचलता येईल असं पाणी वाळूत 60 ते 80 मिलिमीटर असतं, भारी काळ्या मातीत 150 ते 200. उसाची कामाची मुळं दोन फुटांत धरली तर रेताड रानात चाळीसेक मिलिमीटर साठा झाला. त्यातला निम्मा संपला की पीक ताणावर येतं. एप्रिल-मे महिन्यात ऊस दिवसाला 7-8 मिलिमीटर पितो. म्हणजे तिसऱ्या दिवशी पाणी पाहिजे. कालव्याचं आवर्तन तिसऱ्या दिवशी येतं का कुणाचं?

याच रानात उन्हाळी भुईमूग घ्या. आऱ्या, म्हणजे फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणाऱ्या सुया, मऊ मातीत सहज शिरतात, काढताना शेंग जमिनीत राहत नाही, दाणा स्वच्छ निघतो. कलिंगड 70 ते 90 दिवसांत मोकळं. रताळं, काकडी, गाजर, सगळं चालतं. आमचे आजे-पणजे हेच करायचे, ते काही खुळे नव्हते.

सरीवाला

आजे-पणजे हे करायचे कारण त्यांच्याकडे पाणी नव्हतं. मोटेवर ऊस किती लावणार? आता पाणी आहे म्हणून लावतोय.

आणि भुईमुगाचं गोड वर्णन केलंत, पण भावाचं कोण बोलणार? 2024-25 ला भुईमुगाचा हमीभाव क्विंटलला 6783 रुपये होता. बाजारात त्या भावाने घ्यायला उभा राहिलेला व्यापारी दाखवा. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, त्याच हंगामात 340 रुपये क्विंटल होती. तोडणी-वाहतूक कापून का होईना, पैसे खात्यावर येतात, उशिरा आले तरी येतात. कलिंगडाच्या गाडीमागे बाजार समितीत रात्र काढून बघा, मग सांगा.

अजून एक. क्षारपड झालेली रानं बघितली का कधी? वाळवा, शिरोळकडे चला. काळी, भारी, एकेकाळची सोन्यासारखी जमीन पाणी साचून चोपण झाली, पांढरी पडली. आमच्या रेताड मळीत पाणी साचतच नाही, तर मीठ वर येणार कुठून? उलट उसासाठी हीच जमीन निर्धोक.

येरळाकाठ

निचऱ्याचा मुद्दा खरा, मान्य. पण जे पाणी साचत नाही ते युरिया घेऊनच खाली जातं. तीन पोती टाकायची, त्यातलं किती मुळाला लागलं आणि किती तुमच्याच विहिरीत उतरलं? नदीकाठच्या विहिरी याच वाळूतून भरतात. प्यायचं पाणी तिथूनच आहे बऱ्याच वस्त्यांना.

ठिबकवाला

तुम्ही दोघं अजून पाटपाण्याच्या काळात भांडताय राव. ठिबक टाकलं की जमिनीत साठा किती हा प्रश्नच गौण. रोज जेवढं लागतं तेवढंच द्यायचं, खत आठवड्याला थोडं थोडं त्यातूनच सोडायचं. रेताड रानात ठिबकवर ऊस चांगला येतो, मी लावलाय. फक्त ओल आडवी पसरत नाही, सरळ खाली जाते, म्हणून ड्रिपर जवळ जवळ पाहिजेत. काळ्या रानाची लॅटरल, म्हणजे ड्रिपरची नळी, उचलून इथे अंथरली की फसलं.

तासगावची लेक

दादा, रोज द्यायचं म्हणजे रोज वीज पाहिजे. आमच्याकडे आठवडा दिवसा, आठवडा रात्री लाइट. ट्रान्सफॉर्मर जळला की पाच-सहा दिवस गेलेच, मे महिन्यात. काळ्या रानातला ऊस तेवढे दिवस काढतो, रेताडातला वाळायला लागतो. ठिबक आहे म्हणून जमिनीची साठवण बाद होत नाही, ती अडचणीला धावते.

पण येरळाकाठ, तुम्हालाही एक विचारायचंय. भुईमूग उपटायला बायका कुठून आणणार? आमच्या मळीत भुईमूगच होता. उपटणं, तोडणं, वाळवणं, सगळं माझ्या सासूने आणि मी केलं, आणि रात्री रानडुकरं वेगळीच. उसाची तोड आली की घरातल्या बाईला निदान रानात वाकावं लागत नाही. पुरुषमाणसं ‘भुईमूग घ्या’ म्हणतात ते बांधावर उभं राहून.

येरळाकाठ

ताई, हे बरोबर बोललात, यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. रेताड रानात ट्रॅक्टरचं भुईमूग काढणी यंत्र बरं चालतं एवढंच म्हणतो. काळ्या रानात तेच यंत्र ढेकळं उचलतं. शेंगा तोडायला मात्र माणूस लागतोच.

मातीपरीक्षक

सगळे ‘रेताड मळी’ म्हणताय, पण तुमचं रान आतून बघितलंय का? नदीच्या टप्प्यावरची माती थराथराची असते. एका पुराने वाळू टाकली, दुसऱ्याने बारीक गाळ. वर दोन फूट वाळू आणि खाली चिकणमातीचा थर असेल तर पाणी तिथे अडतं आणि ऊससुद्धा तग धरतो. वर एक फूट बरी माती आणि खाली गोटे असतील तर ठिबकवरचा ऊसही लंगडा. हे पन्नास फुटांवर बदलतं, एकाच गटात.

म्हणून तीन फुटांचा खड्डा घ्या, दोन-तीन ठिकाणी. प्रत्येक थरातली मूठभर माती ओली करून दाबा. मूठ उघडताच विस्कटली तर वाळू. गोळा झाला पण बोटांत चपटी पट्टी निघाली नाही तर वाळूमिश्र पोयटा. लांब पट्टी निघाली तर चिकण. सोबत सौम्य आम्लाचे दोन थेंब टाका, फेस आला तर चुनखडी आहे. चुनखडी जास्त असेल तर भुईमूगसुद्धा पिवळा पडतो, लोहाची कमतरता. सगळ्या मळीत भुईमूग एकसारखा येतो हे येरळाकाठ यांचं म्हणणं त्यामुळे सरसकट धरू नका.

आणि सरीवाले, हुमणीचं नाव कुणी काढलं नाही. ही मुळं खाणारी कीड. तिच्यातल्या ल्युकोफोलिस जातीला नदीकाठची हुमणीच म्हणतात. सप्टेंबरात उसाचं बेट हाताने ओढलं तर मुळांशिवाय अलगद वर येतं, खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली जाड पांढरी अळी. त्याच रानात खोडव्यावर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक) घेत गेलात तर तिला आयतं घर.

सरीवाला

हुमणी आहे, नाकारत नाही. मेटारायझियम, म्हणजे अळी मारणारी बुरशी, शेणखतातून टाकतो. पण मी वेगळा उपाय करतोय. तलावातला गाळ आणून मळीवर पसरतोय. गाळमुक्त धरण योजना 2017 पासून आहेच. वाळूत काळा गाळ पडला की रान रेताड राहिलंच कुठे?

मातीपरीक्षक

हिशेब केलात का? एका एकरावर एक इंच थर म्हणजे साधारण 36 ब्रास, शंभर घनफुटांचा एक ब्रास. चार इंच हवा तर दीडशेच्या आसपास ब्रास, एका एकराला. गाळ फुकट, गाडीभाडं कुणाचं? बरं, नुसता वर पसरून ठेवला तर उलटंच होतं. बारीक माती खालच्या भरड वाळूवर बसली की पाणी वरच अडतं, खालचा थर कोरडा राहतो आणि मुळं वरच्या चार बोटांत फिरतात. मिसळायचा असेल तर खोल नांगरून, दोन-तीन वर्षांत थोडा थोडा. त्यापेक्षा दरवर्षी हिरवळीचं खत म्हणून ताग गाडा. रेताड रानात सेंद्रिय पदार्थ लवकर जळतो, म्हणून एकदा करून थांबायचं नाही.

पात्राकडेचा

तुम्ही माती आणि पिकावर बोलताय, मला पात्रावर बोलायचंय. या टप्प्यांची ओल टिकते ती पात्रात वाळू आहे म्हणून. पावसाळ्याचं पाणी वाळूत मुरतं आणि काठाकडे हळूहळू सरकतं. वाळू उपसली की पात्र खाली जातं, काठाच्या विहिरीही त्याच्या मागे. मग मळीत काय लावायचं याची चर्चा कशाला?

आपल्याच येरळेवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा धरण उभं केलं. ठेकेदारांच्या बेसुमार उपशाला विरोध केला, मोजकी वाळू स्वतः विकली आणि त्या पैशातून बांधलं. मुक्ती संघर्ष चळवळीचं बळ होतं मागे. पाणी सगळ्यांना सारखं, हा पाया. पीक आधी ठरवून मग पाणी ओढायचं नाही, पाणी किती ते बघून पीक ठरवायचं, हे या नदीला नवीन नाही.

ठिबकवाला

तेव्हा टेंभू नव्हतं. आता कृष्णेचं पाणी उचलून इथवर येतंय, जुनी उदाहरणं किती दिवस चालवणार?

पात्राकडेचा

उचलून येतंय, म्हणूनच. त्या उपशाचं वीजबिल थकलं की पंप बंद पडतात, हे याच भागात लोकांनी बघितलंय. वाळूतून फुकट झिरपणारं पाणी वाया घालवायचं आणि टप्प्याटप्प्याने पंप लावून चढवलेलं पाणी वाळूतच ओतायचं, याला शहाणपण म्हणत असाल तर म्हणा.

सरीवाला

खड्डा घेतो या आठवड्यात, मातीपरीक्षक म्हणतात तसा. खाली चिकण लागली तर ऊस राहणार, कुणी काहीही म्हणा. गोटे लागले तर नदीकडचा अर्धा एकर उन्हाळी भुईमुगाला सोडेन, खोडवा तुटून गेल्यावर. यंत्रवाल्याचा भाडेदर कुणाला माहीत असेल तर लिहा. आणि जिप्सम कधी टाकायचं, पेरताना की आऱ्या सुटताना?

तासगावची लेक

आऱ्या सुटताना, दुसऱ्या खुरपणीला, आणि भर लावून घ्या. रेताडात आधी टाकलं तर पाण्याबरोबर खाली जातं. आणि तोडायला बायका आत्ताच सांगून ठेवा, मे महिन्यात मिळत नाहीत.