नवे पाळकसाहेब येतायत, स्वागत कसं करायचं?

सलाम मंडळी. पुणे कॅम्पातून लिहितेय. येत्या रविवारी आमच्या चर्चच्या नव्या पाळकसाहेबांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, स्थापनाविधी आहे, बिशपही येणार. मागच्या वेळी अकरा शाली दिल्या आणि पाळकगृहात सिलेंडर रिकामा! पाळकीणबाई सामानाच्या खोक्यावर बसून शेजारच्यांच्या चहाची वाट बघत होत्या. मला अजून लाज वाटते. यंदा काय करू?

— ताई, शाली दोनच ठेवा. सिलेंडर, दूध, पिठाचा डबा आणि नळाला पाणी कधी येतं त्याची चिठ्ठी. पहिले तीन दिवस डबा भगिनी मंडळाकडून. शिवाय अंथरुणाला खिळलेल्यांची यादी पत्त्यांसकट द्या. त्याची त्यांना सगळ्यात गरज असते.

— चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये सहा वेगवेगळ्या पंथांची चर्चेस मिळून झालं, पण प्रार्थनेला गुडघे टेकायचे की उभं राहायचं, यावर आमचे आजोबा लोक अजून भांडतात. तुमच्याकडची पद्धत साहेबांना आधीच सांगा. आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन पेटी-तबल्यावर होऊ द्या, कीबोर्ड नको.

— पेटी आहे, भाता फाटलाय. आज दुरुस्तीला टाकते.