वर्गाच्या ग्रुपवर स्टिकर झालेली पोर: "टाकलंसच कशाला?" हे विचारणं चूक का?

विसूभाऊ: भाची नववीत. नाचाचा रील टाकला. त्यातला डोळे अर्धवट मिटलेला चेहरा कुणीतरी स्क्रीनशॉट काढून पकडला आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा स्टिकर झाला. आता कुणाचंही उत्तर चुकलं की तोच स्टिकर. पोरगी आठवडाभर शाळेत गेली नाही. वाईट वाटलंच. पण खातं पब्लिक, बायोत शाळेचं नाव, क्लासची वेळ स्टोरीत, मैत्रिणीशी बिनसलं तेही स्टोरीत! दार सताड उघडं टाकायचं आणि मग चोर आला म्हणून रडायचं?

सायली_ठाणे: चोरी झाली की पोलीस चोराला धरतात, घरमालकाला नाही. 2024 आठवा. उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला पहिली आलेली मुलगी, 600 पैकी 591 गुण. तिने काय टाकलं होतं? निकालाच्या बातमीसोबत फोटो आला आणि ओठांवरच्या लवीवरून लोक तुटून पडले. त्यात मोठी माणसंही होती, बरं का.

विसूभाऊ: ते प्रकरण वेगळं. ती बातमी होती, हा हौसेचा रील.

रिटायर्ड_मास्तर: हौस लावली कुणी? बारशाचा फोटो, आंघोळीचा फोटो, गुणपत्रिका आसनक्रमांकासकट सोसायटीच्या ग्रुपवर. तेव्हा पोराला विचारलं होतं का कुणी? माझं म्हणाल तर ऑस्ट्रेलियासारखं करा. 10 डिसेंबर 2025 पासून तिथे 16 वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅटवर खातं ठेवता येत नाही.

सायली_ठाणे: सर, व्हॉट्सअ‍ॅप त्या बंदीत नाही. स्टिकर फिरला तो तिथेच.

रिटायर्ड_मास्तर: रील तरी निघाला नसता.

सायली_ठाणे: मग स्नेहसंमेलनाच्या फोटोतून काढला असता. चेहरा काय घरी ठेवून जायचं शाळेत?

काळा_कोट: वाद चालू द्या, पण विसूभाऊ, रागाच्या भरात ग्रुप डिलीट करू नका. तारीख, नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट ठेवा, मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. पोरगी बोलतच नसेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि एक सांगा, ग्रुपवर कुणी एकाने तरी "काढ ते" म्हटलं?

विसूभाऊ: नाही. माझा मुलगा त्याच ग्रुपवर आहे. त्यानेच मला दाखवलं, "बाबा, बघा." खोटं कशाला बोलू, आधी मीही हसलो होतो. पण खातं प्रायव्हेट करायलाच हवं, यावर मी ठाम आहे.