जुन्या नाण्यांचा भाव करताना शब्द कुणी पाळायचा?

देवगिरीकर

संभाजीनगर असो की जालना-नांदेड, जुन्या नाण्यांच्या टेबलापुढे हल्ली एक प्रकार सर्रास दिसतो. गिऱ्हाईक हाली रुपया, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानचा रुपया, उचलतं, भाव विचारतं. व्यापारी आकडा सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "निम्म्यात द्या." व्यापारी थोडा विचार करतो आणि म्हणतो, "घ्या." त्यावर गिऱ्हाईक नाणं खाली ठेवून "बघतो, एक चक्कर मारून येतो" म्हणत निघून जातं.

माझं मत सरळ आहे. भाव आपण मागितला आणि समोरच्यानं होकार दिला, की सौदा झाला. घ्यायचंच नसेल तर आकडा तोंडातून काढू नये. "शेवटचं किती?" विचारून परत ठेवलं तर कुणाची तक्रार नाही.

नाण्याला नावं ठेवून भाव पाडणंही मला पटत नाही. "असले पोत्यानं पडलेत" म्हणायचं आणि तेच नाणं हातातून सोडायचं नाही. दोष असेल तर नेमका दाखवावा. आपल्याकडे रुपयांचे हार घालायची रीत होती, त्यामुळे तांड्यावरून, खेड्यावरून आलेल्या कितीतरी कलदार, म्हणजे इंग्रजांच्या टांकसाळीतल्या, रुपयांना डाग देऊन (झाळून) कडी लावलेली असते. कडी काढून कड घासून गुळगुळीत केलेली असली तरी राणीच्या डोक्याच्या बरोब्बर वर नख फिरवा, तिथे डागाचा उंचवटा लागतो आणि त्या जागेचे कडेवरचे दातेही बुजलेले दिसतात. हे दाखवून कमी करा म्हणणं रास्त आहे, आणि जाणता व्यापारी करतोही.

आणि चांदीच्या भावाखाली मागू नका. 1939 पर्यंतचा कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा, 91.7 टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 10.7 ग्रॅम. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली. चारमिनारवाला हाली रुपया 11.18 ग्रॅमचा, 81.8 टक्क्यांचा, तोही शेवटच्या वर्षांत 50 टक्क्यांवर आला. हा हिशोब घरून करून जावा. मोडीत घालूनही जास्त येतील असं नाणं त्याहून कमी भावात मागणं म्हणजे समोरच्याला येडं समजणं.

गंगथडी

दादा, तुमचं सगळं गिऱ्हाइकाला सांगणं झालं. व्यापाऱ्यानं काय पाळायचं ते एका ओळीत तरी लिहा.

टेबलावर एकाही नाण्याला भावाची चिठ्ठी नसते. भाव माणूस बघून सांगतात. चांगल्या कपड्यातल्याला एक, कॉलेजच्या पोराला दुसरा, पुण्या-मुंबईकडून आलेल्याला तिसरा. असा हवेतला आकडा सांगितला की मी निम्म्यानंच सुरू करणार, आणि शेजारच्या टेबलावर बघून येण्याचा हक्कही सोडणार नाही.

खरेदीच्या वेळी काय होतं तेही बोला. घरात लग्न निघालं की एखादी बाई सासूच्या हारातले रुपये विकायला आणते. तिला तोळ्याच्या भावानं पैसे मिळतात, वर घट म्हणून कापूनही घेतात. त्यात 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया असला तर? त्या नाण्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, सरकारनं बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 ला सोंड नीट दिसेल असं चित्र केलं. म्हणून तो रुपया चांदीच्या कितीतरी पट जातो. हे तिला कोण सांगतं? ती "द्या" म्हणाली, त्यानं पैसे मोजले, सौदा झाला. तुमच्या नियमात हे सगळं बसतं आणि माझं "फिरून येतो" तेवढं खुपतं!

टेबलवाला

मी याच धंद्यात आहे, म्हणून लिहितो.

चिठ्ठी लावावी हे मला मान्य. मी लावतो. पण चिठ्ठी वाचूनही लोक निम्म्यानंच सुरू करतात. एकेक नग वर्षानुवर्षं पडून राहतो, भांडवल अडकतं, आणि दहा माणसांनी हाताळून अंगठ्याचे ठसे उमटले की त्याची प्रत उतरते ती वेगळीच. नाणं कडेला धरावं एवढं तरी पाळा. "तुम्हाला केवढ्याला पडलं?" हा प्रश्नही विचारू नये. तांदूळ घेताना विचारता का?

आणखी एक. माझा एका गिऱ्हाइकाशी भाव चालू असताना मागून तिसरा हात घालतो, "मी शंभर जास्त देतो." याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पहिल्यानं नाणं खाली ठेवेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. मी जास्तीचे पैसे घेत नाही, आणि घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही मी नावं ठेवतो.

आता त्या बाईचं. गंगथडींनी लिहिलं ते खोटं नाही. पण सगळेच तसे नाहीत. हाली रुपयावर चारमिनारच्या कमानीत निजामाच्या नावाचं पहिलं उर्दू अक्षर असतं, महबूब अली खानाच्या रुपयावर मीम, उस्मान अली खानाच्या रुपयावर ऐन. उस्मान अलीच्या अगदी सुरुवातीच्या रुपयांवर हे ऐन अर्धंच आहे आणि संग्राहक तो वेगळा प्रकार धरतात. असा रुपया विकायला आला तर मी तो ढिगातून बाजूला काढतो आणि त्याचे वेगळे पैसे देतो. उद्या तिची जाऊ, नणंद माझ्याकडेच येणार असते.

तेरणाकाठ

एका बाबतीत मात्र घासाघीसच नको. पैठण, तेर, भोकरदन या भागात पाऊस झाला की "शेतात सापडलं" म्हणून सातवाहनांची शिशाची, तांब्याची नाणी दाखवणारे भेटतात. स्वस्तात मिळतंय म्हणून लोक रस्त्यावरच भाव करू लागतात. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं भूमिगत धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यातून ते नाणं खरंच जुनं असेल याचा काय भरवसा? ज्यांना सातवाहन नाणी बघायची आहेत त्यांनी तेरच्या लामतुरे संग्रहालयात जावं.

गंगथडी

टेबलवाले भाऊ, तुमच्यासारखे असतील त्यांच्याशी माझं भांडण नाही. तुमच्याकडे मी शब्द पाळीन. पण पक्कं बिल देत नाही, खोटं निघालं तर परत घेत नाही, त्याच्यापुढे माझ्या शब्दाला मी बांधील नाही. राम दरबाराचं चित्र असलेले 1818 चे 'ईस्ट इंडिया कंपनीचे आणे' आजही यात्रेत दुर्मिळ म्हणून विकतात. कंपनीनं असली नाणी कधी पाडलीच नाहीत. असला माल मांडणाऱ्याला कसला आलाय शब्द?

देवगिरीकर

असला माल मांडला असेल तर त्या टेबलापुढे थांबूच नका, भाव कशाला करता? परतीचं आणि बिलाचं भाव करण्याआधी विचारून घ्या. तो नाही म्हणाला तर नमस्कार करून पुढे जा. पण सगळं विचारून, नाणं पाहून, आकडा तुम्हीच सांगितला असेल तर मग मागे फिरू नका. समोरचा कसा आहे यावर माझा शब्द ठरावा हे मला मान्य नाही.

बाईच्या हाराचं मात्र तुम्ही बरोबर लिहिलंत. ज्याला जास्त कळतं त्यानं आधी सांगायला हवं.

गंगथडी

मग व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोचं काय? फोटोवर मी आकडा लिहिला, त्यानं "डन" म्हटलं, आणि नाणं हातात आल्यावर कडीचा डाग निघाला तर?

टेबलवाला

तर परत. फोटोवरचा भाव नाणं हातात येईपर्यंत कच्चाच. कडेचा फोटो मागत चला. जो पाठवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.