खुर्ची रिकामी झाली तर नियम आहे. खुर्चीतला माणूसच निपचित पडला तर?

पंचवटीकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'राष्ट्रपतींना काही झालं तर उपराष्ट्रपती असतातच, घटनेत सगळी सोय आहे.' वाचून राहवलं नाही. असतातच? धनखडांनी २१ जुलै २०२५ ला राजीनामा दिला, १२ सप्टेंबरपर्यंत ते पद रिकामं होतं. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरींनी कारभार घेतला, मग निवडणुकीसाठी तेही जुलैत बाहेर पडले आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतींच्या जागी होते. तेही जमलं, कारण दोन्ही पदं रिकामी असली तर सरन्यायाधीशांनी काम पाहायचं, असा कायदा संसदेनं त्याच वर्षी मे महिन्यात करून ठेवला होता. मृत्यू, राजीनामा, महाभियोग, सगळ्याला वाट आहे. पण माणूस जिवंत आहे आणि शुद्धीवर नाही, तर 'आता यांच्याच्यानं होत नाही' हे म्हणायचं कोणी? कलम ६५ आजारपणाचं नाव घेतं, ठरवणार कोण ते सांगत नाही.

सिडकोवाला: १९६१ ला राजेंद्रबाबू आजारी होते, राधाकृष्णन यांनी काम पाहिलं. काय बिघडलं? राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच चालतात. उगाच भीती घालू नका.

पंचवटीकर: सल्ला मंत्रिमंडळाचा, सही राष्ट्रपतींची. तीच अडली तर?

गंगापूर रोड: सहीचं मला विचारा. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष अर्धांगवायूनं पडले. चेकवर त्यांची सही लागायची. बँक म्हणे ठराव आणा. घरचे म्हणत, बाबा बरे होतायत, राजीनाम्याचं नाव काढू नका. दोन महिने लिफ्ट बंद. सासूबाई चौथ्या मजल्यावर अडकून पडल्या.

सिडकोवाला: सभा सचिवानं बोलवायची असते. कमिटीनं उपविधी वाचले नाहीत, त्यात घटनेचा काय दोष?

गंगापूर रोड: सासूबाईंना खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं आम्ही. तेव्हा कुठे होते तुमचे उपविधी?

निफाडकर: ताई, आमचं ऐका. आजोबा बेशुद्ध, द्राक्षबाग त्यांच्या नावावर, पीककर्ज अडलेलं. काकांनी दवाखान्यात त्यांचा अंगठा उठवून घेतला. वडील आणि काका अजून बोलत नाहीत. नियम नसला की खाटेजवळ जो उभा असतो त्याचं चालतं. अमेरिकेत १९१९ ला अध्यक्ष विल्सनना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा त्यांच्यापर्यंत कोणता कागद जाणार हे पत्नी ठरवत होत्या. अध्यक्ष काम करू शकत नाहीत हे कोणी ठरवायचं ते सांगणारी त्यांची पंचविसावी घटनादुरुस्ती झाली १९६७ ला.

गोदाकाठ: आणि त्या दुरुस्तीत ठरवतं कोण? उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्री. तेच इथे आणायचंय? १९७७ ला हंगामी राष्ट्रपती जत्तींनी मंत्रिमंडळानं पाठवलेल्या, नऊ विधानसभा बरखास्त करण्याच्या कागदावर लगेच सही केली नाही. असं कलम हाताशी असतं तर मंत्र्यांना जत्तींनाच आजारी ठरवायचा मोह झाला नसता? संदिग्धता ठेवली ते बरं केलं.

पंचवटीकर: जत्तींचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, मान्य. मग मंत्रिमंडळाकडे नकोच. सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांचं मंडळ नेमावं, दोन तृतीयांश संसदेनं शिक्कामोर्तब करावं. घटनेत सोय नसलेल्या प्रसंगी राष्ट्रपतींचं काम कसं चालवायचं हे कलम ७० संसदेवर सोडतं, त्यात तेवढी मोकळीक आहे असं मी मानतो. पण संदिग्धता बरी हे अजिबात पटत नाही. जत्तींच्या वेळी काही झालं नाही याचं श्रेय माणसांना, कलमाला नाही.

सिडकोवाला: डॉक्टरांचं मंडळ असेल तर माझा विरोध नाही. गरज मात्र अजून पटलेली नाही. ताई, मघाशी तोंडातून कडू गेलं. पुढे काय झालं तुमच्याकडे?

गंगापूर रोड: अध्यक्ष वारले. तेराव्यानंतर आठवडाभरात बँकेतली सही बदलली.