चर्चा: ई-प्रिस्क्रिप्शनमुळे औषध पेशंटच्या नजरेआड गेलं का?

केतकी
डॉक्टरांनी बाबांची रक्तदाबाची एक गोळी बंद करून दुसरी सुरू केली. सगळं संगणकावर. नव्या गोळीची चिठ्ठी औषधाच्या दुकानात पोचली, पण जुनी बंद केल्याचा निरोप पोचलाच नाही. दुकानाच्या यादीत ती चालूच राहिली आणि बाबा तीन महिने दोन्ही गोळ्या घेत राहिले. एका सकाळी उठताना भोवळ येऊन पडले, तेव्हा उलगडा झाला. कागद हातात असता तर घरात कुणीतरी वाचला असता. माझं स्पष्ट मत आहे, आपलं औषध आपल्या नजरेआड लिहिलं जाता कामा नये.

औषधकपाट
बाबा आता बरे आहेत ना? तुमचा राग अगदी समजतो, पण त्यासाठी कागदाची बाजू घेऊ नका. मी २१ वर्षं काउंटरमागे उभी आहे, अक्षर लागलं नाही म्हणून किती फोन केले असतील याची गणती नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत टेक्सासात डॉक्टरांनी हृदयविकारामुळे छातीत येणाऱ्या कळांवरचं 'आयसॉर्डिल' लिहिलं, दुकानात ते रक्तदाबाचं 'प्लेंडिल' वाचलं गेलं. डोस होता २० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. प्लेंडिलची दिवसभराची मर्यादा १०. पेशंट दगावला. आणि जुनी गोळी बंद केली हे कागदावर तरी कितीजण लिहितात? चिठ्ठी रद्द करण्याचा वेगळा संदेश पाठवायची सोय असते, मात्र ती दवाखाना आणि दुकान दोन्हीकडे सुरू असावी लागते. तुमच्याकडे बहुधा तिथेच घात झाला.

अर्धविराम
शिवाय कागद हातात आहे म्हणून औषध घरात येतंच असं नाही. अमेरिकेतल्या एका त्वचारोग दवाखान्यातल्या सुमारे अडीच हजार पेशंटांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कागदी चिठ्ठ्यांपैकी जवळपास ३२ टक्के औषधं वर्षभरात कुणी घ्यायला आलंच नाही. ई-चिठ्ठ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. निम्मं!

केतकी
औषध दुकानातून नेणं आणि ते नीट घेणं यात फरक आहे. बाबांनी तर दोन्ही गोळ्या नेमाने नेल्या. आणि चिठ्ठी पाठवलेल्या दुकानात औषध संपलं असेल तर? कागद घेऊन माणूस पुढच्या दुकानात जातो. अमेरिकेत नियंत्रित औषधांची, म्हणजे तीव्र वेदनाशामकांसारख्या सवय लागू शकणाऱ्या औषधांची, ई-चिठ्ठी एका दुकानातून दुसरीकडे वर्ग करायला ऑगस्ट २०२३ पर्यंत परवानगीच नव्हती, पुन्हा डॉक्टरांच्या मागे लागायचं. वेदनेने तळमळणाऱ्याने हे कसं करावं?

औषधकपाट
तो दोष चिठ्ठी एका दुकानाला बांधण्याचा आहे. एस्टोनियात २०१० पासून ती मध्यवर्ती यंत्रणेत असते. ओळखपत्र दाखवलं की कुठल्याही दुकानात औषध मिळतं.

निशिगंध
मी नर्स आहे, मला वेगळीच भीती वाटते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा देतात. यादीतून निवडताना 'रोज' वर बोट पडलं तर जिवावर बेतू शकतं. गिचमिड अक्षर पाहून निदान शंका तरी येते. स्वच्छ छापलेल्या चुकीवर सगळे विश्वास ठेवतात. यंत्र इशारा देतं, कबूल. पण ते इतक्या क्षुल्लक गोष्टींसाठी इशारे देतं की डॉक्टर न वाचताच पुढे जातात. हे मी रोज पाहते.

औषधकपाट
इथे मात्र मी तुमच्या बाजूने. मेथोट्रेक्सेट देताना मी आठवड्याचा वार विचारून पाकिटावर लिहिते. चिठ्ठी कशीही आलेली असो.

केतकी
अक्षराचा मुद्दा मान्य, कागदाचा हट्ट सोडते. पण दर भेटीनंतर 'हे चालू, हे बंद' अशी छापील यादी पेशंटच्या हातात पडलीच पाहिजे, न मागता. बाबांसाठी ती मी मागून घेईन. त्यांच्याबरोबर रांगेत एक आजी असतात, नेहमी एकट्याच येतात. त्यांच्यासाठी कोण मागणार?