घरात आजारपण असताना औषध कंपन्यांशी भांडायचं की नाही?

मेथीची जुडी (गंगापूर रोड, नाशिक)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. औषधांच्या मार्केटिंगविरुद्ध ओरडायचं तर घरात माणूस आजारी असतानाच ओरडायला हवं. माणूस बरा झाला की आपण फाइल माळ्यावर टाकतो. आणि गेला, तर बिलं चाळत बसायची कुणाला इच्छा असते?

सासूबाईंना पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. साखर आणि बीपी जुनंच आहे. आता हात हलतोय, बोलणं अजून अडखळतं. औषधांचा डबा भरायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लागली. तुम्हीही वाचा. काही पाकिटांवर औषध बनवण्याच्या परवान्याचा नंबर असतो, तर काहींवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर. दुसऱ्या प्रकारातली गोळी कायद्याच्या नजरेत औषध नाहीच, अन्न आहे. प्रोटीन पावडर, 'नसांसाठी' कॅप्सूल, जिन्सेंग-लायकोपीन-ग्रीन टी एकत्र कोंबलेलं मल्टिव्हिटॅमिन, सगळं त्यात. २०१३चा औषध किंमत नियंत्रण आदेश औषधांना लागू आहे. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल किंमत, बाकीच्यांना वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नाही. अन्नाला यातलं काहीच नाही, कंपनी छापेल ती किंमत. आमच्या बिलात झटका परत येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या स्वस्त आहेत आणि हे 'अन्न' महाग आहे. प्रिस्क्रिप्शनवर मात्र दोन्ही एकाच अक्षरात, एकाखाली एक.

दुसरं उदाहरण. एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळीचं पेटंट मार्च २०२५मध्ये संपलं. साठ रुपयांच्या आसपास असलेली गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. ही बातमी डॉक्टरांच्या केबिनमध्ये त्याच आठवड्यात पोचली असणार, कारण ती पोचवायला माणसं नेमलेली असतात. पेशंटकडे असा कुणी येत नाही. आमच्या चिठ्ठीवर जुनाच महाग ब्रँड चालू राहिला.

आणि दाद कुठे मागायची? मार्च २०२४मध्ये केंद्राने औषध मार्केटिंगची नवी संहिता आणली. डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू, त्यांच्या कुटुंबाला सहली, हॉटेलं, सगळं बंद असं त्यात लिहिलंय. पण तक्रार ऐकणार कोण? कंपन्यांच्या संघटनेचीच नीतिसमिती. दोषी ठरली तर समज किंवा संघटनेतून निलंबन. संघटनेतून काढल्याने कंपनीचं औषध दुकानातून जातं का?

नाशकातल्या लोकांनी बिलं गोळा करावीत, नाव-पत्ता खोडून, आणि ग्राहक पंचायतीकडे किंवा एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) एकत्र न्यावीत, असं मला वाटतं. बोला.

---

रात्रपाळी

ताई, तुमचं सगळं पटलं तरी मी करणार नाही.

वडील डायलिसिसवर आहेत. रात्री दोन वाजता धाप लागली की मी एकाच डॉक्टरला फोन करतो आणि तो उचलतो. त्या माणसाला मी दुपारी जाऊन विचारू की साहेब, हा ब्रँड का लिहिलात, कंपनीने काय दिलं? तो पुढच्या वेळी फोन उचलेलही. पण मला फोन लावताना हात जड होईल.

ज्याच्या घरात पेशंट आहे त्यानेच लढायचं, हे कुठलं गणित? आम्ही आधीच नोकरी, डबा, रक्ताचे रिपोर्ट, योजनेचे कागद यात पिचलेलो. हे काम सरकारचं आहे. ते करत नाही म्हणून माझ्या डोक्यावर का?

---

एक फिजिशियन

पहिल्यांदा एक गोष्ट. धागा वाचून कुणी गोळ्या कमी-जास्त करू नका. झटक्यानंतरचा एक पेशंट रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करून बसला, कारण मुलाने कुठेतरी वाचलं की हा सगळा कंपन्यांचा डाव आहे. दुसरा झटका आला. त्या मुलाला काय सांगायचं हे मला आजही कळत नाही.

मेथीताई, सगळी सप्लिमेंट फालतू नसतात. साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. ते तपासायचं असतं आणि कमी असेल तर द्यायचं असतं. झटक्यानंतर गिळता न येणारी म्हातारी माणसं झपाट्याने खंगतात, त्यांना प्रोटीन लागतं. तुम्हाला पाकिटावर 'अन्न' दिसतं, मला समोर झिजलेला दंड दिसतो.

आणि ब्रँड का? मी नुसतं मूळ औषधाचं नाव लिहिलं तर कुठली कंपनी द्यायची हे दुकानदार ठरवतो. म्हणजे निर्णय माझ्याकडून त्याच्याकडे गेला, पेशंटकडे नाही आला. ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक नावं सक्तीची केली आणि त्याच महिन्यात नियम स्थगित केला, तो उगाच नाही. दर्जाची खात्री द्या, मी उद्यापासून नावं लिहितो.

---

मेथीची जुडी

डॉक्टर, गोळी बंद करा असं मी एका ओळीतही म्हटलेलं नाही. उलट झटक्याच्या गोळ्या मीच घड्याळ लावून देते.

बी-१२ कमी असेल तर बी-१२ लिहा ना. ते औषधाच्या परवान्याखालीही मिळतं. त्यासाठी जिन्सेंग कशाला? आणि प्रोटीनसाठी पावडरच हवी का, की डाळीचं घट्ट पाणी, ताक, अंडं चालेल, हे कोणी बसून सांगितलं तर आम्ही घरी करू. ते सांगायला पाच मिनिटं लागतात, डबा लिहायला पाच सेकंद.

दर्जाचं म्हणाल, तर केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला नापास नमुन्यांची यादी काढतात. त्यात नावाजलेले ब्रँडही येतात. महाग म्हणजे खात्रीचं, हीसुद्धा शेवटी कुणीतरी विकलेलीच समजूत आहे.

@रात्रपाळी, तुमच्या मुद्द्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही. पण मी डॉक्टरला जाब विचारा म्हणत नाहीये. बिल द्या म्हणतेय.

---

सातपूरची शिफ्ट

कंपन्यांना शिव्या घालताना एवढं लक्षात ठेवा की सातपूर-अंबडला औषधांचे कारखाने आहेत आणि त्यावर बरीच घरं चालतात. आमचंही.

---

बॅगवाला

बारा वर्षं नाशिक हेडक्वार्टरला एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) होतो, आता दुसऱ्या धंद्यात आहे, म्हणून मोकळं लिहितो.

लोकांना वाटतं एमआर येतो, गोड बोलतो, पेन देतो आणि डॉक्टर भुलतो. एवढं सोपं असतं तर कंपन्यांनी इतकी माणसं पोसली नसती. खरं काम मेडिकलच्या काउंटरवर होतं. त्याला आरसीपीए म्हणतात. दुकानदाराशी ओळख काढून कुठला डॉक्टर कुणाचं किती लिहितो ते बघायचं आणि वर कळवायचं. म्हणजे तुमची चिठ्ठी तुम्ही दुकानात देता तेव्हा ती कंपनीपर्यंतही जाते. तुमचं नाव नाही जात, डॉक्टरचा हिशेब जातो. मग ज्याने लिहिलं नाही त्याच्याकडे मॅनेजर स्वतः येतो. महिनाअखेरीला टार्गेट अपुरं असलं की स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक विक्रेत्याच्या, गळ्यात माल मारायचा. मग तो माल खपवायचा म्हणून परत डॉक्टर.

फिजिशियनसाहेब, तुम्ही स्वतः काही घेत नसाल यावर माझा विश्वास आहे. असे डॉक्टर मी नाशकात पाहिलेत, दारावर 'एमआरनी भेटू नये' अशी पाटी लावणारेही पाहिलेत. पण तुमच्या संघटनेच्या परिषदेत स्टॉल कुणाचे असतात? २००९मध्ये मेडिकल कौन्सिलने कंपन्यांकडून भेटी-प्रवास घेण्यावर बंदी आणली, तेव्हा त्यात डॉक्टर आणि डॉक्टरांच्या संघटना दोन्ही होत्या. २०१६मध्ये दुरुस्ती करून संघटना वगळल्या. पुढचं दार लावलं, मागचं उघडं ठेवलं.

आणि एक राहिलं. या सगळ्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात संहितेला कायद्याचं बळ द्या म्हणून कोण गेलं? एमआर लोकांचीच अखिल भारतीय संघटना. रस्त्यावर उन्हात बॅग घेऊन फिरणाऱ्याला व्हिलन करू नका.

---

एक फिजिशियन

संघटनांची सूट मलाही मान्य नाही. मी परिषदेची फी स्वतः भरतो. पण तुमची सगळी चर्चा 'डॉक्टर लिहितो' इथेच येऊन थांबते. हॉस्पिटलमधल्या मेडिकलबद्दल कुणी बोलत नाही, तिथे तर ब्रँड मीही ठरवत नाही, खरेदी विभाग ठरवतो.

---

गोळे कॉलनी

बरं झालं विषय निघाला. गोळे कॉलनीतल्या औषधांच्या होलसेल बाजारात आहे, म्हणून थोडं दुकानाच्या बाजूने.

दुकानदार जेनेरिक का देत नाही, हा प्रश्न रोज ऐकतो. चिठ्ठीवर ब्रँड असेल तर त्याच्याऐवजी दुसरा देता येत नाही, तसा नियम आहे. दिला तर आमचंच लायसन्स अडचणीत. पेशंटला वाटतं आम्हीच लुबाडतो.

आता आतली गोष्ट. सगळ्यात वाईट माल मोठ्या कंपन्यांचा नसतो, 'पीसीडी'चा असतो. छोटी कंपनी एका भागाचे हक्क एका माणसाला देते, तो दोन-चार डॉक्टर धरतो आणि ते औषध फक्त त्या डॉक्टरांच्या खालच्या दुकानात मिळतं. अख्खी गोळे कॉलनी फिरलात तरी सापडणार नाही. छापील किंमत आणि आमच्या खरेदीत जमीन-अस्मानाचा फरक. आवश्यक यादीतल्या औषधावर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के धरलेत, आणि इकडे फूड लायसन्सच्या मालावर कितीही. मग सांगा, कुठला माल पुढच्या कपाटात येणार? ओळखायची खूण सोपी. एकच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या भागातल्या दुकानात जा. 'हे इथे मिळणार नाही' असं ऐकलंत की समजा.

जनऔषधी केंद्रांचं कौतुक करणाऱ्यांना एवढंच की तिथे स्टॉक संपला की पेशंट आमच्याकडेच येतो.

---

रात्रपाळी

हे पटलं नाही. 'दुसऱ्या भागातल्या दुकानात जा' म्हणे. हॉस्पिटलच्या आतल्या मेडिकलमधून घ्या असं नर्स सांगते तेव्हा पेशंट टेबलावर असतो. मी इंजेक्शनसाठी त्र्यंबक नाक्यापर्यंत गाडी मारू?

---

बॅगवाला

भाऊ, तशी सक्ती नाही. जून २०२५मध्ये महाराष्ट्र एफडीएने सांगितलंय की आमच्याच दुकानातून औषधं घेणं बंधनकारक नाही, अशी पाटी हॉस्पिटलच्या मेडिकलने लावायची. त्याआधी मार्च २०२५मध्ये हाच प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला होता. कोर्टाने स्वतः आदेश दिला नाही, राज्यांनी धोरण ठरवावं म्हटलं.

---

रात्रपाळी

पाटी असेल. पाटीकडे बोट दाखवायची हिंमत कुणाकडे आहे ते सांगा.

---

मेथीची जुडी

म्हणूनच एकट्याने दाखवू नका.

@बॅगवाला, तुम्ही लिहिलंत त्यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. कंपनी आणि डॉक्टर यांच्यात काय ठरलं याचा पुरावा पेशंटकडे कधीच नसतो. संहितेखाली तक्रार करायची तर मी काय जोडणार? सहलीचं तिकीट माझ्याकडे थोडंच येणार? २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना दिलेल्या भेटींवर करसवलत मिळणार नाही असा निकाल दिला, आणि या भेटींचा खर्च औषधाच्या किमतीत मिसळून पेशंटकडून वसूल होतो हेही म्हटलं. तो खटला आयकर खात्याचा होता. पैसे आमचे, पण आम्ही कशातच पक्षकार नाही. आमच्या हातात एकच कागद येतो, मेडिकलचं बिल.

एका बिलातून काही दिसणार नाही. पण एकाच भागातली शंभर बिलं शेजारी ठेवली तर तेच फूड लायसन्सचं पाकीट, त्याच दुकानातून, वेगवेगळ्या आजारांच्या पेशंटना, हे दिसेल की नाही? हीच ती आरसीपीए, फक्त आपल्या बाजूने.

---

एक फिजिशियन

इथे मात्र मी ठाम विरोधात. शंभर बिलांवरून पेशंटला काय झालं होतं हे कळत नाही. बाहेरच्या माणसाला ते 'तेच पाकीट' दिसेल, मला त्यात कुपोषित म्हातारा, गरोदर बाई आणि ऑपरेशननंतरचा पेशंट दिसू शकतो. निदान नसलेली बिलं चव्हाट्यावर आली की पहिला दगड माझ्यासारख्याच्या काचेवर पडतो. ज्याने कमावलं तो शांत बसतो. हे घडताना आपण सगळ्यांनी पाहिलंय.

बिलं गोळा करायचीच असतील तर त्यात डॉक्टरही घ्या. जिल्ह्यात असे लोक आहेत. डॉ. अरुण गद्रे यांनी लासलगावला बरीच वर्षं प्रॅक्टिस केली आणि कट-कमिशनबद्दल उघड बोलले. आतला माणूस बोलला की ते वजन वेगळं असतं.

---

मेथीची जुडी

डॉक्टर असायलाच हवेत, मान्य. मग तुम्ही या. डॉक्टरांची नावं बिलावर झाकू, दुकानाचंही झाकू. फक्त पाकिटाचं नाव, परवान्याचा प्रकार आणि किंमत ठेवू. निदान हवं असेल तर पेशंटला विचारून एका शब्दात लिहू. मग दगड कुणाच्या काचेवर पडणार?

---

एक फिजिशियन

असं असेल तर विचार करतो. होय म्हटलेलं नाही. माझी अट एक: यादी बाहेर जाण्याआधी मी बघणार, आणि गरजेचं काय ते मी खोडणार.

---

गोळे कॉलनी

खोडणार तुम्ही, मग गरज कुणाची ते ठरवणार कोण? हे म्हणजे परत नीतिसमितीच झाली की साहेब.

---

मेथीची जुडी

खोडायचं नाही. डॉक्टरांनी शेजारी शेरा लिहायचा, यादी तशीच राहील.

@रात्रपाळी, तुमच्याकडून काहीच नको. वडिलांकडे बघा.

---

रात्रपाळी

डायलिसिसची जुनी बिलं एका पिशवीत आहेत. बहिणीला सांगतो, ती सिडकोतच असते, तिच्याकडून घेऊन जा. माझं नाव कुठेही यायला नको. आणि त्या इंजेक्शनची छापील किंमत आणि गोळे कॉलनीतली खरेदी यांच्यात फरक किती असतो ते इथे कुणी सांगणार आहे का, की तेही मलाच विचारत फिरायचंय?