पोर्ट दिसतो, लाइट लुकलुकतो, पण रीपरमध्ये नोटा येत नाहीत

काळीपाच
जोडणी अशी आहे: पाच पिनांचा जुना कीबोर्ड, साधी यूएसबी-मिडी केबल (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कुठली पट्टी दाबली याचे संदेश; एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला इन आणि आउट अशा दोन शेपट्या), विंडोज १० चा लॅपटॉप आणि रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर). केबलची इन कीबोर्डच्या आउटला, केबलची आउट कीबोर्डच्या इनला. कीबोर्डच्या थ्रूमधून अडॅप्टर लावून ३.५ मिमी जॅकवालं साउंड मॉड्यूल (स्वतःच्या पट्ट्या नसलेलं, मिडीवर वाजणारं यंत्र).

१. रीपरच्या यादीत पोर्ट दिसतो. पट्ट्यांना हात न लावताही केबलवरचा इनचा लाइट लुकलुकत असतो. तरी ट्रॅकवर काही उमटत नाही.
२. लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर कधीकधी नोटा येतात, पण तेव्हा कीबोर्डचा आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ लागतो.
३. मॉड्यूल कधीच दाद देत नाही.

केबल तर चालू दिसतेय. मग रीपर बिघडलंय का?

तारसप्तक
या स्वस्त केबलींचा भरवसा नाही. चांगला इंटरफेस घ्या, मिटेल.

खर्ज
खरेदीची घाई नको. आधी बाइट कुठपर्यंत पोचतात ते बघा.

पोर्ट यादीत दिसणं हा पुरावा नव्हे. तो केबलमधल्या यूएसबी चिपमुळे दिसतो. कीबोर्ड बंद असला तरी दिसेल. हात न लावता लुकलुकणारा लाइट बहुधा अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंगचा आहे. बरेच जुने कीबोर्ड दुसरं काही पाठवायचं नसलं तरी ३०० मिलिसेकंदांच्या आत एकदा २५४ हा बाइट पाठवतात, 'मी जिवंत आहे' एवढंच सांगायला. पण त्यातून एक गोष्ट कळते: कीबोर्डच्या आउटपासून केबलच्या इनपर्यंतची तार आणि दिशा बरोबर आहे.

आता रीपर पूर्ण बंद करून मिडी-ऑक्स (येणारे मिडी संदेश दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, केबलचा इनपुट निवडा आणि एक पट्टी दाबा.

नोट ऑन, म्हणजे पट्टी दाबल्याचा संदेश, दिसला (चॅनेल १ वर पहिला बाइट १४४) तर हार्डवेअर निर्दोष, दोष रीपरच्या सेटिंगमध्ये.

२५४ येतोय पण नोटा नाहीत, तर कीबोर्डच्या मेनूत ट्रान्समिट चॅनेल 'ऑफ' आहे का बघा.

पोर्ट उघडतच नसेल तर तो दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलाय. विंडोज १० च्या नेहमीच्या ड्रायव्हरवर एक पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. रीस्टार्टनंतर कधीकधी चालतं म्हणताय, म्हणून माझा संशय इथेच. ब्राउझरमधली पियानो शिकवणारी साइटही पोर्ट बळकावते आणि टॅब मागे राहिला की लक्षातही येत नाही.

तपासून झालं की मिडी-ऑक्स आठवणीने बंद करा, नाहीतर आता तोच पोर्ट अडवून बसेल. मग रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट एनेबल करा, ट्रॅक आर्म (रेकॉर्डसाठी तयार) करा, इनपुटला मिडी आणि 'ऑल चॅनेल्स' ठेवा.

काळीपाच
टॅबच होता! आता नोटा दर वेळी येतात. पोकळ आवाज मात्र कायम, आणि लांब पेडल धरलं की आधीचे सूर लवकर तुटतात.

खर्ज
दोन्ही एकाच रोगाची लक्षणं. प्रत्येक सूर दोनदा वाजतोय: एकदा थेट पट्टीवरून, आणि काही मिलिसेकंदांनी रीपरमधून फिरून परत येऊन. दोन सारखे आवाज किंचित अंतराने मिसळले की पोकळपणा येतो, आणि पॉलिफनी (एकदम किती सूर वाजू शकतात ती मर्यादा) निम्मी उरते.

खात्री करायला केबलची आउट शेपटी उपटा. आवाज भरीव झाला तर निदान पक्कं. उपाय म्हणजे लोकल कंट्रोल ऑफ: पट्ट्यांचा आणि आतल्या साउंडचा संबंध तुटतो, आवाज फक्त रीपरकडून आलेल्या नोटांवर निघतो. मेनूत पर्याय नसेल तर सीसी (कंट्रोल चेंज, सेटिंग बदलणारा मिडी संदेश) १२२, किंमत ० पाठवा. परत जोडायला १२७. पुष्कळ कीबोर्ड बंद करून चालू केले की लोकल पुन्हा ऑन होतो, तेव्हा तो सीसी प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच टाकून ठेवा.

रेकॉर्ड झालेल्या क्लिपमध्येच प्रत्येक नोट दोनदा दिसत असेल तर प्रकरण वेगळं. ड्युअल व्हॉइस (एका पट्टीवर दोन वाद्यांचे आवाज) चालू असताना काही कीबोर्ड दोन चॅनेलवर पाठवतात. ट्रॅकचा इनपुट एकाच चॅनेलवर बांधा.

पाचपिन
मॉड्यूलचं मी सांगतो. पहिलं म्हणजे, थ्रू फक्त इनवर आलेलंच पुढे ढकलतो. पट्ट्यांवर वाजवलेलं तिथून बाहेर पडत नाही. म्हणजे रीपरने मॉड्यूलच्या चॅनेलवर काही पाठवलं तरच ते वाजेल. मॉड्यूलला चॅनेल २ द्या, कीबोर्डला १, आणि ट्रॅकचा मिडी आउटपुट चॅनेल २ करा.

एवढं करूनही गप्प असेल तर अडॅप्टर. ३.५ मिमी जॅकच्या दोन रीती आहेत. टाइप ए मध्ये पिन ५ टोकाला, पिन ४ मधल्या कड्याला; टाइप बी मध्ये नेमकं उलट. पिन २ दोन्हींत बुडाच्या भागाला. २०१८ मध्ये टाइप ए हे प्रमाण ठरलं, पण त्याआधीची यंत्रं दोन्ही प्रकारची सापडतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजतो) ठेवा. डीआयएनच्या (पाच पिनांच्या गोल प्लगच्या) कमानीत मधली पिन २, तिच्या दोन बाजूंना ४ आणि ५, कडेच्या १ आणि ३ इथे कामाच्या नाहीत. कडं कुठल्या पिनशी वाजतं ते बघा आणि मॉड्यूलच्या मॅन्युअलशी ताडा. उलटा अडॅप्टर लागला तरी सहसा काही जळत नाही: मिडी इनमध्ये ऑप्टोआयसोलेटर (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) असतो आणि उलट्या प्रवाहासाठी डायोड. फक्त शांतता मिळते. आणि जॅकवर दोन काळ्या पट्ट्या हव्यात. एकच असेल तर ती मोनो केबल, इथे निरुपयोगी.

काळीपाच
कडं पिन ५ ला वाजतंय, मॅन्युअल टाइप ए म्हणतं. अडॅप्टर बदलतो. एक शेवटचं: लॅपटॉपमधला पियानो वाजवताना आवाज उशिरा येतो. तो दोष तरी केबलचा?

पाचपिन
मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे तीन बाइटांची नोट ०.९६ मिलिसेकंदात पोचते. याउलट ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा ऑडिओ बफर एकटाच ११.६ मिलिसेकंद खातो. एएसआयओ ड्रायव्हर (कमी विलंबाचा ऑडिओ ड्रायव्हर) घालून बफर १२८ करा, २.९ वर येईल. चटचट आवाज यायला लागला तर २५६.